शर्यत एक, आरंभरेषा दोन

शीळफाटा हे नाव उच्चारले की ठाणे जिल्ह्यातील माणसाला प्रथम आठवते ती वाहतुकीची कोंडी. कल्याण, मुंब्रा, महापे आणि पनवेल या दिशांचे रस्ते येथे एकमेकांना मिळतात. सकाळच्या वेळी या कोंडीत खासगी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या अडकून पडतात आणि त्यांच्या कडेने महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत निघालेली मुले दप्तर सावरत पायी पुढे जातात. त्या घटकेला पायी चालणारा पुढे असतो. आंतरशालेय क्रीडास्पर्धांचा मोसम आला की हे चित्र उलटे होते, आणि वर्षानुवर्षे उलटेच राहते.

नियमांच्या पुस्तकात भेदभाव नाही. जिल्हा क्रीडा परिषदेमार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट असतात. जिंकणारा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जाऊ शकतो. शाळा सरकारी की खासगी, हे कोणी विचारीत नाही. परंतु समान नियम म्हणजे समान संधी नव्हे, हे समजण्यासाठी एकच गोष्ट पुरेशी आहे. आपल्याकडील बहुसंख्य महापालिका व जिल्हा परिषद शाळा सातवी किंवा आठवीपर्यंतच असतात. १७ वर्षांखालील गटात खेळाडू खऱ्या अर्थाने घडतो आणि ओळखला जातो. नेमक्या त्या वयात या मुलाच्या पायाखालून त्याची शाळाच निघून जाते. आठवीपर्यंत शिक्षकांनी त्याचे धावणे हेरले असले, तरी नववीत तो दुसऱ्या शाळेतील एक अनोळखी विद्यार्थी असतो.

दुसरा प्रश्न मैदानाचा आणि शिक्षकाचा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेसाठी क्रीडांगण आणि खेळाचे साहित्य आवश्यक मानले आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तेथे शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. कायदा २००९ चा आहे. पण ज्या पट्ट्यात भातखाचरांवर काही वर्षांत टोलेजंग गृहसंकुले उभी राहिली, तेथे मोकळ्या जमिनीचा प्रत्येक तुकडा सोन्याच्या भावाचा झाला. कबड्डीच्या मैदानाला तेरा मीटर लांबी आणि दहा मीटर रुंदी पुरते. ज्या आगरी गावांच्या रक्तात कबड्डी आहे, त्या गावांतील शाळकरी मुलाला एवढी माती हक्काने मिळू नये, ही खंत केवळ खेळाची नाही.

तिसरी गोष्ट पदकाच्या मोलाची. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडू विद्यार्थ्यांना सवलतीचे गुण मिळतात. पुढे शासकीय सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. शालेय स्पर्धांच्या यादीत कबड्डी-खोखोबरोबर रोलर स्केटिंग, तलवारबाजी, स्क्वॉश हेही खेळ आहेत. हे खेळ मुलांनी अवश्य खेळावेत. परंतु महागडे साहित्य आणि खासगी प्रशिक्षक यांवाचून त्यांत पाऊलही टाकता येत नाही. मग ज्याच्या घरी आधीच पुस्तके, शिकवणी आणि स्वतंत्र खोली आहे, त्याच्याच गुणपत्रिकेत खेळाचे गुणही जमा होतात.

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या मैदानावर प्रणव धनावडे या शाळकरी फलंदाजाने एका डावात नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ मधील ए. ई. जे. कॉलिन्सचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मागे पडला. रिक्षाचालकाच्या या मुलाचे जगभर कौतुक झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्याच सामन्यात प्रतिस्पर्धी शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले, हा आकडा कोणाच्या फारसा लक्षात राहिला नाही. दोन्ही शाळा खासगीच होत्या. खासगी शाळांमध्येच एवढे अंतर असेल, तर ज्या शाळेकडे चेंडूही मोजके आहेत तिने कोणाशी झुंजायचे?

यावर उत्तर येते की, खासगी संस्थांनी कष्टाने मैदाने उभारली, पालक शुल्क भरतात. त्यांना शिक्षा कशासाठी? हा आक्षेप रास्त आहे. गुणी खेळाडूने चांगल्या शाळेत जाण्यातही गैर नाही. आचरेकर सरांच्या सल्ल्यावरून सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात आला, म्हणूनच तो घडला. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात २००५ मध्ये खासगी शाळांची पटसंख्या १.६५ ने गुणून त्यांना मोठ्या शाळांच्या गटात टाकण्याचा नियम झाला. तो उपाय आपल्याकडे लागू पडणार नाही, कारण आपली दरी पटसंख्येची नाही. ती मैदानाची आणि मार्गदर्शकाची आहे. खासगी शाळेला खाली ओढून महापालिकेची शाळा वर येत नाही.

उपाय जवळच आहे. शीळफाट्यापलीकडे नवी मुंबईत सिडकोने शाळांना भूखंड देताना मैदाने शाळेच्या वेळेनंतर नागरिकांसाठी खुली ठेवण्याची अट घातली. अंमलबजावणीविषयी तक्रारी झाल्या, तरी तत्त्व योग्य आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी हेच तत्त्व स्वीकारून आठवड्यातील काही संध्याकाळी खासगी शाळांची मैदाने शेजारच्या सरकारी शाळांना मिळवून द्यावीत. चार-पाच शाळांनी मिळून एक क्रीडाशिक्षक घ्यावा. आठवीनंतर शाळा बदलणाऱ्या प्रत्येक होतकरू खेळाडूची नोंद नव्या शाळेकडे जावी. यातील कोणत्याही गोष्टीला कोट्यवधींचे क्रीडासंकुल लागत नाही.

आणि समाजानेही आपला वाटा उचलावा. या भागात निवृत्त शिक्षक आहेत, जुने कबड्डीपटू आहेत, गावोगावची मंडळे आहेत. आपला मुलगा बसने शाळेत जात असताना खिडकीतून दिसणारा तो पायी चालणारा मुलगाही उद्या याच जिल्ह्याचा गणवेश घालून खेळू शकतो. त्यासाठी संध्याकाळी एक तास, शाळेच्या फाटकाचे एक कुलूप आणि शिट्टी घेऊन उभा राहणारा एक माणूस हवा आहे.