ताराबाईंची प्रयोगशाळा

आमच्या वांद्र्यातल्या इमारतीत राहणारी एक मुलगी मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. परवा ती मेरी कॅल्किन्सबद्दल भरभरून बोलत होती. १८९५ साली हार्वर्डच्या प्राध्यापकांनी पात्र ठरवूनही, केवळ बाई म्हणून विद्यापीठाने कॅल्किन्सला डॉक्टरेट दिली नाही. १९०५ मध्ये तीच अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची पहिली स्त्री अध्यक्ष झाली. हे शिकवायलाच हवं. पण आपल्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांचं नावही या मुलीच्या कानावर आलेलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

ताराबाई काही विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ नव्हत्या. १८९२ चा जन्म, १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. पुढे भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीवर काम केलं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ निघाला. १९३६ मध्ये दादरला, वांद्र्याहून तिसऱ्या स्टेशनावर, शिशुविहार सुरू झालं.

त्यांचं खरं संशोधन मात्र १९४५ नंतरचं, बोर्डीतलं आणि मग कोसबाडच्या टेकडीवरचं. अनुताई वाघ सोबतीला होत्या. माँटेसरीची साधनं महाग आणि परकी, म्हणून बिया, शंख, खडे, पानं हीच मोजायची आणि रंग-आकार ओळखायची साधनं झाली. दलित वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात. दुसऱ्या कुणी पालकांना अडाणी म्हणून विषय संपवला असता. ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली; हीच अंगणवाडी. वारली मुलं दिवसभर गुरांमागे, तर शाळा कुरणात भरली. मूल शिकत नसेल तर दोष मुलात न शोधता परिस्थितीत शोधायचा आणि ती बदलून पुन्हा पाहायचं, याला प्रयोग नाही तर काय म्हणायचं? प्रयोगशाळेत आणलेल्या मुलापेक्षा आपल्या अंगणात, आपल्या भावंडांत बसलेलं मूल त्यांना अधिक कळलं, असं मला ठामपणे वाटतं.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. ताराबाई मात्र शिक्षणतज्ज्ञांच्या यादीतच राहिल्या. मुंबईतल्या मानसशास्त्र विभागांनी त्यांच्या 'शिक्षणपत्रिके'चे जुने अंक विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत, बालमानसशास्त्रज्ञ पियाजेच्या शेजारी, त्याच सत्रात.