तीन महिन्यांचं माहेर

कुंडीतली माती (साप्ताहिक स्तंभ)

पुण्याच्या एका वाचकांनी हिमालयातल्या सिंगालीलाच्या ट्रेकवरून आणलेली ऱ्होडोडेंड्रॉनची चार बोंडं गेल्या आठवड्यात मला पाकिटातून पाठवली. सोबत चिठ्ठी होती : ‘तुमच्या गच्चीवर उगवतात का पाहा. उगवली तर उटीकडे कुणाच्या बागेत लावा.’ त्यांनी हे प्रेमानं पाठवलं आहे, म्हणून मीही आडपडदा न ठेवता सांगते. ही बोंडं मी पेरणार नाही. कारण सांगायला मात्र जरा मागे जावं लागेल.

मी राहते ते चेन्नईचं टी. नगर वसलं १९२०च्या दशकात, माम्बलमच्या मोठ्या तळ्याच्या जागेवर. तळं गेलं, पश्चिम माम्बलममध्ये ‘लेक व्ह्यू रोड’ एवढं नाव उरलं. आमच्या इमारतीच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीच्या काठावर पांढरी पुटं चढतात. लग्न होऊन इथे आले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी जानेवारीत एका हातगाडीवरून गुलाबी फुलांनी लगडलेली अझेलियाची कुंडी मी घेतली. अझेलिया म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनच्याच घराण्यातलं झुडूप. मार्चपर्यंत पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. मी घाबरून अजून पाणी घातलं, तेही बोअरचंच. मेच्या पहिल्या आठवड्यात इथल्या सर्वांत कडक उन्हाचं ‘अग्निनक्षत्र’ सुरू झालं आणि चार दिवसांत झाड वाळलं.

ते कशानं गेलं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. या घराण्याची मुळं केसाएवढी बारीक असतात आणि मातीच्या वरच्या थरातच पसरतात. त्यांना आंबट माती लागते, डोंगरातल्या कुजलेल्या पाल्याची. चुन्याचं पाणी पडलं की मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही आणि पानं पिवळी पडतात. त्यात चेन्नईच्या मे महिन्यात रात्रीही पारा तिशीच्या खाली फारसा उतरत नाही. ३१ मे २००३ला इथे ४५ अंशांची नोंद झाली होती. दिवसाचा ताप झाड एक वेळ सावलीत काढील, पण ज्याला थंड रात्र हवी त्याला ती इथे कुठून आणून द्यायची? म्हणून टी. नगरात ऱ्होडोडेंड्रॉन फुलवण्याचा नाद मी सोडला, आणि वाचकांनीही धरू नये असं माझं मत आहे.

पण बी पेरण्याची गोष्ट वेगळी.

माझी आत्या नीलगिरीतल्या कुन्नूरला राहते. काकांची नोकरी वेलिंग्टनच्या छावणीत होती, निवृत्तीनंतर दोघं तिथंच राहिली. तिच्या कुंपणाशी ऱ्होडोडेंड्रॉनचं जुनं, वाकडंतिकडं झाड आहे. बुंध्याची साल जाड, खडबडीत. पानं वरून गर्द हिरवी. फुलं रक्तासारखी लाल, घोसात. तमिळमध्ये त्याला काट्टुपूवरसु म्हणतात. पूवरसु म्हणजे आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरची भेंड, आणि काट्टु म्हणजे रानातली. दोघांचं नातं काही नाही, नाव तेवढं जोडलं गेलं. एका नोव्हेंबरात आत्यानं तपकिरी झालेली बोंडं डबीत घालून पाठवली आणि फोनवर म्हणाली, “अगं, मी दोनदा पेरली. थंडीनं इथे काही उगवतच नाही, आणि उगवलं तरी मला दिसत नाही. तुझे डोळे अजून चांगले आहेत.”

बोंड कागदावर आपटलं तर आतून निघते ती तपकिरी धूळ. एका बोंडात शेकडो बिया, तपकिरीच्या चिमटीएवढ्या. त्या मातीखाली दडपायच्या नाहीत, कारण या बीला रुजायला उजेड लागतो. मी झाकणाच्या पारदर्शक डब्यात भिजवून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम शेवाळ दाबून बसवते आणि त्यावर बी भुरभुरते, जेवणात चिमूटभर मीठ घालावं तसं. पाणी फक्त पावसाचं, तेही फवाऱ्यानं. तमिळनाडूत २००३पासून प्रत्येक इमारतीला पावसाचं पाणी जिरवण्याची, साठवण्याची व्यवस्था सक्तीची आहे. आमच्या गच्चीच्या पन्हाळीखाली मी एक पिंप ठेवलं आहे. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, म्हणजे बी हाती येतं नेमकं तेव्हाच पिंप भरलेलं असतं. या पाण्यात चुना नसतो.

डिसेंबरात माझ्या मागच्या खोलीत वीस ते सत्तावीस अंश असतात. ही ऊब बी रुजायला हवी तशीच आहे. कुन्नूरच्या डिसेंबरात ती नसते. पहिल्या खेपेला सोळाव्या दिवशी शेवाळावर हिरवे ठिपके दिसले. भिंग लावलं तेव्हा प्रत्येक ठिपक्याला दोन दलं होती. मी सासूबाईंना उठवून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे झाड किती उंच होतं गं?” दुमजली घराएवढं, म्हटल्यावर त्या डब्याजवळच बसून राहिल्या.

त्यानंतर खरी राखण. झाकण सतत बंद ठेवलं तर मर लागते. बुडाशी रोप काळं पडून आडवं होतं, आणि एक पडलं की शेजारची ओळ पडते. सताड उघडं ठेवलं तर तासाभरात सुकतं. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं झाकण काढायचं, हे माझं माप अनुभवातून आलेलं आहे. ऊन थेट नको, पण उजेड बारा तास हवा. मी टेबलावरच्या दिव्याखाली डबा ठेवते. तीन महिन्यांत रोप नखाएवढं होतं. याहून घाई त्याला नसते. बियांपासून वाढवलेल्या या झाडाला पहिलं फूल यायला दहा वर्षंही कमीच पडतात.

पहिल्या वर्षी मी ती रोपं सोडली नाहीत. वाटलं, आपण जन्म दिला, आपणच वाढवू. एप्रिलात रोज पाच-सहा कमी होत गेली, मेअखेर डब्यात नुसतं शेवाळ होतं. त्या वर्षाचा सल मला अजून आहे. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर डबा ओल्या फडक्यात गुंडाळला, सेंट्रलवरून रात्रीची नीलगिरी एक्सप्रेस पकडली आणि सकाळी मेट्टुपाळयमहून घाट चढून आत्याच्या हाती दिला. आपल्याकडे मुलगी बाळंतपणाला माहेरी येते आणि बाळाला घेऊन आपल्या घरी जाते. टी. नगर या रोपांचं तेवढं माहेर आहे.

आता सिंगालीलाच्या बोंडांविषयी. अभयारण्याच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून बोंडंच काय, पानही परवानगीशिवाय उचलता येत नाही, हे ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावं. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझी हरकत उरतेच. नीलगिरीचा ऱ्होडोडेंड्रॉन हा हिमालयातल्या बुरांशचा, लालीगुरांसचा सख्खा नातलग आहे. एकाच जातीच्या उपजाती. तिसरी श्रीलंकेच्या डोंगरांत. हिमालय आणि नीलगिरी यांच्या मधे जवळपास दोन हजार किलोमीटर हे झाड कुठे नाही. आपल्या महाराष्ट्राच्या सह्याद्रीतही नाही. कळसूबाईचा माथासुद्धा १,६४६ मीटरच, आणि हे झाड दक्षिणेत नीलगिरी, पळणी, अण्णामलईच्या उंच माथ्यांवरच आहे. हिमयुगात थंडी दक्षिणेपर्यंत उतरली तेव्हा ही झाडं पसरली आणि हवा तापल्यावर डोंगरमाथ्यांवर अडकून राहिली, असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. हजारो वर्षं एकटं राहून दक्षिणेतलं हे झाड तिथल्या गवताळ उतारांचं, ‘शोला’ नावाच्या रानांच्या कडेचं झालं. ऱ्होडोडेंड्रॉनच्या जाती एकमेकींत सहज मिसळतात. हिमालयाचं बी कुन्नूरच्या कुंपणाशी वाढलं, फुललं, तर त्याचे परागकण डोंगरावरच्या झाडांवर जायला पक्षी आणि मधमाश्या पुरेशा आहेत. हा संकर एकदा झाला की निवडून काढता येणार नाही.

नीलगिरीनं परक्या बियांचं पुष्कळ सोसलं आहे. एकोणिसाव्या शतकात सरपणासाठी आणि कातडी कमावण्याच्या सालीसाठी आणलेले निलगिरी, वॅटल हे वृक्ष गवताळ कुरणांवर पसरले. नीलगिरी पर्वतावरून ज्याला आपण मराठीत नाव दिलं ते निलगिरीचं झाड मुळात ऑस्ट्रेलियाचं आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? उलट दिशेचं उदाहरण ब्रिटनचं. तिथे अठराव्या शतकात बागेच्या शोभेसाठी नेलेल्या जांभळ्या ऱ्होडोडेंड्रॉननं रानंच्या रानं व्यापली आणि आज ती खणून काढण्यावर पैसा खर्च होतो आहे. हीच धूळ, हेच हलकं बी.

ज्यांना गच्चीवरच फुलं हवीत त्यांनी अडेनियम पेरावं. इंग्रजीत त्याला लटकी अझेलियाही म्हणतात, फुलांत तेवढं साम्य आहे. पण हे आफ्रिका-अरबस्तानचं, कण्हेर-चाफ्याच्या कुळातलं, उन्हावर पोसणारं झाड. शिंगांसारख्या जोडशेंगा तडकण्याआधी दोऱ्यानं बांधून ठेवा, नाहीतर बियांच्या दोन्ही टोकांचे रेशमी झुबके त्यांना वाऱ्यावर नेतात. ताजं बी चेन्नईच्या मार्चमध्ये आठवड्याच्या आत उगवतं, आणि बीपासून वाढवलेल्या झाडाचा बुंधा जसा फुगतो तसा फांदीपासून केलेल्याचा सहसा फुगत नाही. चीक विषारी आहे, हात धुवा.

पुण्याच्या वाचकांची चार बोंडं मी न फोडता परत पाठवते आहे. यंदाच्या डब्यात, आत्याच्या कुंपणाशेजारच्याच झाडाची, मी काल मोजली ती एकसष्ट रोपं आहेत. गाडीचं तिकीट शुक्रवारचं आहे, खालच्या बर्थचं, म्हणजे डबा पायाशी ठेवता येईल. पिंपात चार बोटं पाणी उरलं आहे. तेवढं गुरुवारपर्यंत पुरेल.

— मृण्मयी
टी. नगर, चेन्नई