उन्हाळ्यात गाण्याची तालीम बंद करावी काय?

मार्च लागला की खानापूर-बेळगाव भागातल्या आपल्या गावांतून हल्ली एकच बोलणे कानी पडते: एवढ्या उकाड्यात आणि कामाच्या घाईत गाण्याची तालीम कशाला? पाऊस पडल्यावर बघू! आम्हांला हे पटत नाही. पण अडचण खोटी आहे असेही आम्ही म्हणणार नाही. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो. म्हणजे पवित्र सप्ताहाची गीते बसवायची ती नेमकी काजू वेचण्याच्या आणि उन्हाच्या दिवसांत. शिवाय ऊन पूर्वीचे राहिलेले नाही. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे साल भारतात सर्वांत उष्ण ठरले. त्याच वर्षी जगाचे सरासरी तापमान कारखानदारी वाढण्यापूर्वीच्या काळापेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक होते.

उन्हाने कामाची वेळ सरकवली आहे, खरी गोम इथे आहे. अकराच्या आत शेतातून परतायचे तर पहाटे चारला उठावे लागते. असा माणूस रात्री नऊ ते साडेदहा तालमीला बसला तर त्याची झोप जाते, आणि झोप न झालेल्या माणसाच्या हातात दुसऱ्या दिवशी कोयता असतो. म्हणून आमची सूचना अशी की तालीम बंद न करता तिची वेळ बदलावी. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात, सर्वांनी एकत्र गावे. बाकीचे दिवस घरच्या घरी पंधरा मिनिटे पुरेत. पहाटे आवाज खाली असतो, तेव्हा खर्जाचे स्वर लावावेत; गवयी लोकांची ही जुनी रीत आहे. धार काढताना तोंड मिटून गुणगुणले तरी चालते. नाकावाटे घेतलेली हवा ओलसर होऊन गळ्यात जाते, त्यामुळे घसा कोरडा पडत नाही.

संध्याकाळची ही वेळ बायकांना चुलीपुढची असते, हे आम्ही जाणून आहोत. गायकवृंदातून पहिली गळती त्यांचीच होते आणि तिला 'तिला आवड उरली नाही' असे नाव मिळते. त्या दोन दिवशी भात पुरुषांनी शिजत घालावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुपारी मात्र पत्र्याच्या छपराखाली कोणीही गाऊ नये. (कौले काढून पत्रे घालण्याची हौस आपल्याला फार महागात पडली!) गाण्याआधी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायल्याने गळा ओला होत नाही. पाणी अन्ननळीत जाते, स्वर श्वासनळीच्या तोंडाशी उमटतो. दिवसभर थोडे थोडे पाणी, ताक किंवा कोकमाचे सरबत घ्यावे, म्हणजे त्याचा गुण संध्याकाळी दिसतो. कोणी असंबद्ध बडबडू लागला, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी घालून वारा घालावा आणि ताबडतोब १०८ वर फोन करावा.

वाद्यांनाही ऊन लागते. कोरड्या उन्हात तबल्याची पुडी ताणली जाऊन स्वर चढतो, बासरीही चढते, पेटी बहुतेक जागच्या जागी राहते. अशा वेळी पोराला बेसूर म्हणून रागावण्याआधी तबला लावून घ्यावा.

आणि शरीर खरेच थकले असेल त्या दिवशी? बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाने आजारी पडले, तेव्हा कोरड्या हवेसाठी १९४८ साली देवासला जाऊन राहिले. गाण्याची बंदी होती, ती त्यांनी पाळली आणि अंथरुणावरून माळव्यातली लोकगीते ऐकली. औषधाने बरे होऊन १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. ऐकणे हाही रियाजच. थकलेल्याने कोपऱ्यात बसून ताल धरावा, शब्द पाठ करावेत. घरी मात्र राहू नये.

'जग तापते आहे आणि तुम्ही पेटी काढून बसता!' असे म्हणणारेही आहेत. त्यांना आम्ही विचारतो, रात्रभर काळजी करून कोणाचे शेत थंड झाले? या संकटाचा मोठा भार मोठ्या देशांच्या धुराड्यांचा आहे, तो आपल्या डोक्यावर घेऊन चालणार नाही. आपल्या वाट्याचे काम मात्र शेतातच पडून आहे. उसाचे पाचट पेटवू नये. ते सरीत पसरले तर ओल टिकते आणि खोडव्याला खत मिळते. उन्हाळी भात करणाऱ्यांनी वाफ्यात सदोदित पाणी कोंडू नये, कारण अशा चिखलातून मिथेन वायू निघतो आणि तोही हवा तापवतो. बांधाजवळ भोके पाडलेली नळी पुरावी. आतले पाणी जमिनीखाली वीतभरापेक्षा कमी, पंधरा सेंटिमीटरवर गेले की पुन्हा पाणी द्यावे. फुलोऱ्याच्या सुमारास मात्र पाणी तोडू नये. यात पाण्याची आणि पंपाच्या विजेची बचत होते, आणि रात्री पाणी पाजायला जाण्याच्या खेपा कमी होतात. त्यांतल्या दोन रात्री तालमीला मिळाल्या तरी गायकवृंदाचे काम भागेल.