एक पराभव आणि सीझन संपला! शिरूर-दौंडच्या कॉलेज टीमनी सातत्य आणायचं कुठून?

कॉलेजची बास्केटबॉल टीम हरली की पहिली कमेंट ठरलेली असते: ‘यांच्या खेळात सातत्यच नाही.’ पण सातत्य यायला मुळात मॅच किती मिळतात?

गणित सोपं आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत १६ टीम असतील, तर ८ टीम पहिल्याच फेरीत घरी जातात. त्यांच्या वाट्याला येतात फक्त ४० मिनिटं. त्याच १६ टीमचे चार गट करून साखळी सामने खेळवले, तर प्रत्येकीला किमान ३ मॅच मिळतात. आज झालेली चूक उद्या सुधारता येते.

शिरूर-दौंडमध्ये ही अडचण जास्त जाणवते. पुणे शहरातल्या खेळाडूला क्लब आणि सरावाचे सामने जवळ मिळतात. दौंडहून पुण्याला निदान रेल्वे आहे, शिरूरला तीही नाही. गावाहून येणाऱ्यांचा सराव एसटीच्या वेळेवर ठरतो. शिवाय पदवी झाली की जमलेली टीम पांगते.

मग बिघडतं काय? राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या पातळीवरचं यश लागतं. पहिल्या फेरीत थांबणारी मुलं-मुली तिथवर पोहोचतच नाहीत.

न्हावरे-चौफुला रस्ता हे दोन्ही तालुके जोडतो. विद्यापीठाच्या स्पर्धेआधी इथल्या कॉलेजांनी आपसात छोटी साखळी स्पर्धा भरवली, तरी सुरुवात होईल. सातत्य भाषणातून येत नाही, मॅच खेळून येतं.