नळ, हौद आणि पाठ केलेले सूत्र

एक हौद आहे. पहिला नळ तो २ तासांत भरतो, दुसरा ३ तासांत आणि तिसरा ६ तासांत. तिन्ही नळ एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल? पुढे वाचण्यापूर्वी उत्तर काढा पाहू.

अकरावीच्या एका विद्यार्थ्याला मी हेच उदाहरण दुसऱ्या वेषात घातले होते. २, ३ आणि ६ ओहमचे तीन रोध समांतर जोडले, तर एकूण रोध किती? मुलगा हुशार. अभियोग्यता चाचणीच्या जाडजूड पुस्तकातील शेकडो उदाहरणे त्याने सोडवलेली. तो चटकन म्हणाला, "सर, ३६ भागिले ११." दोन नळांसाठी 'गुणाकार भागिले बेरीज' हे सूत्र त्याला पाठ होते, तेच त्याने तिघांना लावले.

३६ भागिले ११ म्हणजे सव्वातीनहून थोडे अधिक. मी त्याला हौदाकडे नेले. पहिला नळ एकटा हौद दोन तासांत भरतो. मदतीला आणखी दोन आले तर सव्वातीन तास लागतील का? तो हसला, पण सूत्र का चुकले हे काही त्याला सांगता येईना. तीन वेळा तास गुणून एकदा तासांनी भागले तर उरतो तासांचा वर्ग, आणि तसे घड्याळ अजून कोणी बनवलेले नाही!

एका तासात पहिला नळ हौदाचा १/२ भाग भरतो, दुसरा १/३, तिसरा १/६. बेरीज बरोबर १. म्हणजे एकच तास लागेल. येथे तासांची बेरीज होत नाही, भरण्याच्या वेगांची होते. रोधांचेही तसेच, म्हणून उत्तर १ ओहम. दोन नळांचे सूत्रही याच बेरजेतून निघते.

सराव नको, असे मी म्हणत नाही. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी जिभेवर हवीतच. वेग तेथूनच येतो. परंतु एकाच साच्याची शंभर उदाहरणे रोज उरकणे मला वाया गेलेला वेळ वाटतो. दहाच सोडवा. आधी अंदाज करा, मग उदाहरण थोडे मोडून पाहा. तिसरा नळ हौद रिकामा करणारा असेल तर? दीड तास येतो का ते तपासा.

"एवढा वेळ कुठे आहे?" असे शिक्षक म्हणतील. फळ्यावर रीत मांडण्याआधी वर्गाला नुसता अंदाज विचारण्यास अर्धे मिनिट पुरते. चार पर्यायांच्या परीक्षेत तर तो अधिकच उपयोगी, कारण येथे २ किंवा त्याहून मोठे पर्याय तत्काळ बाद होतात. आणि ३६/११ हा पर्याय तेथे बहुधा असणारच. प्रश्न काढणाऱ्यालाही तुमचे सूत्र ठाऊक असते.

आता हे करा. मोटार जाताना ताशी ४० किलोमीटर वेगाने गेली, त्याच रस्त्याने ताशी ६० ने परतली. सरासरी वेग किती? ५० लिहिलेत? एका बाजूचे अंतर १२० किलोमीटर धरून पुन्हा मोजा.