सिस्टरच्या पायांकडे कधी बघितलंय?

परवा नातेवाइकाजवळ रात्री दवाखान्यात थांबलो होतो. वॉर्डात तीसेक खाटा, सिस्टर दोन. ड्युटी बारा तासांची. पहाटे एक जण टेबलामागे बूट काढून टाचा चोळत बसली होती. बूट कसले, कडक सोलची पांढरी बेली! म्हणाली, "दादा, पांढराच रंग लागतो. गावात हेच मिळतात."

म्हणजे नियम रंग बघतो, सोल बघत नाही.

खरं तर बघायच्या गोष्टी साध्या आहेत. दिवसभर उभं राहून पाय सुजतो, म्हणून माप ड्युटी संपल्यावर द्यावं, तेही रोजचे मोजे घालून. पुढे बोटभर जागा हवी, टाच सैल नको. सोल जाड हवा आणि ओल्या फरशीवर न घसरणारा. पुढून बंदच हवा, कारण सुई पडली तर थेट पायावर. जाळीचे स्पोर्ट्स शूज हलके असतात, पण रक्त, औषध आत झिरपतं. वरून पुसता येईल असाच घ्यावा.

असा जोड स्वस्तात येत नाही. कंत्राटी सिस्टरनं तो कुठल्या पगारातून घ्यायचा?

१२ मेला परिचारिका दिन. आपण गुलाब देतो, फोटो काढतो, मीही बातमी लावतो. यंदा रोगी कल्याण समितीनं कायम-कंत्राटी न बघता प्रत्येकीला मापाचा एक जोड द्यावा. समितीवर आपल्याच गावची माणसं आहेत. पुढच्या बैठकीत विषय घ्या. काय ठरलं ते विचारायला मी येणारच आहे.