मांडवातलं इलेक्ट्रॉनिक

सुकापूरसारख्या पनवेलच्या गावांत इलेक्ट्रॉनिक संगीत हेडफोनच्या आधी हळदीच्या मांडवात भेटतं. आगरी-कोळी गाण्याची चाल बेंजोवर, ठेका ऑक्टोपॅड या इलेक्ट्रॉनिक तालवाद्यावर; नाचणारे दमलेले दिसले की वादक तिथल्या तिथे लय बदलतो. हे जिवंत रिमिक्सच आहे. पुण्यात २०१० साली सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाने इंडी बँडना श्रोते मिळवून दिले, तसेच हे मांडवही नवे कान घडवतात.

रिमिक्सने मूळ गाणं मरतं, हा आक्षेप मला पटत नाही. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप गटाने २०१९च्या ‘द वारली रिव्हॉल्ट’ या गाण्यात वारली आदिवासी गायक प्रकाश भोईर यांचा आवाज नव्या ठेक्यावर आणला, आणि वारली बोल रॅप ऐकणाऱ्यांपर्यंत पोचले. डीजेच्या भिंतींविरुद्धची तक्रार मात्र रास्त आहे: छातीत धडधडणाऱ्या त्या दणक्यात मूळ चालच ऐकू येत नाही.